चिंबोरीच्या चित्रातलं माझं नाव

महाडच्या बाजारपेठेत त्या काळी कुठलंही दुकान घ्या, कापडाचं, किराणाचं, भांड्यांचं, वरची पाटी बहुतेक माझ्या हातची असायची. दुसऱ्यांची नावं लिहून मी पोट भरलं. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक अक्षरात ‘पेंटर’ आणि पुढे माझं नाव, एवढी जागा मी स्वतःसाठी ठेवायचो. एखादा दुकानदार कुरकुरायचा, "तुझं नाव कशाला रे माझ्या पाटीवर?" मी ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवायचो आणि म्हणायचो, "मग उरलेली अक्षरं दुसऱ्याकडून घ्या." पाटी तोवर अर्धी झालेली असायची. अर्ध्या नावाखाली दुकान उघडायची कोणाची तयारी नसते.

हा हट्ट उगाच नव्हता. डोंगरातल्या वाडीवरून मी खाली उतरलो तो गणपतीच्या कारखान्यात माती मळायला. मळता मळता रंगाला हात लागला आणि मालकांच्या हाताला कंप सुटल्यावर डोळ्यांची आखणी माझ्याकडे आली. मूर्तीचं सगळं काम संपल्यावर शेवटी डोळे आखतात. तोवर ती माती असते. गिऱ्हाईक यायचं, हात जोडायचं, म्हणायचं, "काय नजर आहे हो! बघतच राहावं." आणि मालक माझ्यादेखत मान डोलवायचे, "देवाची कृपा, हात अजून चालतो." एका वर्षी मी गिऱ्हाइकासमोरच तोंड उघडलं. त्याच दिवशी माझा कारखाना सुटला.

अशा माणसाकडे तो मुंबईचा चित्रवाला आला.

तो मूळचा पोलादपूरकडचाच, वाढला मुंबईत. शिमग्याला गावी आला होता. पोलादपूरच्या स्टँडसमोर एका हॉटेलच्या दारावर मी एक माकड काढलं होतं, बशीतला चहा फुंकणारं. ते त्याने पाहिलं, कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि शोधत महाडला माझ्या दारात उभा राहिला. माझ्याहून वयाने लहान, चष्मा, पायात चामड्याच्या चपला, बोलण्यात साखर.

"दादा, ते माकड तुमचं?"

"माकड हॉटेलवाल्याचं. काढलंय मी."

तो हसला. मी हसलो नाही.

त्याचं म्हणणं असं. मुंबईत ते दोघे-तिघे मिळून मुलांसाठी हलत्या चित्रांचे छोटे सिनेमे काढत होते. पुठ्ठ्याची आकृती करायची, हात-पाय वेगळे कापून दोऱ्याच्या गाठीने जोडायचे. टेबलावर ठेवून वरून कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचं, पाय केसभर सरकवायचा, पुन्हा एक चित्र घ्यायचं. असं करत गेलं की पडद्यावर आकृती चालायला लागते. त्याला पुढचं चित्र कोकणातल्या भातशेतीचं हवं होतं. आकृत्या आणि मागचे देखावे मी करायचे, हालचाल तो करणार. गोष्टीतली मुख्य बाई म्हणजे बांधात राहणारी चिंबोरी, खेकडी.

"चिंबोरीच का?" मी विचारलं.

"ती आडवी चालते म्हणून. इतर जनावर पडद्यावर इकडून तिकडे निघालं की मुलांना त्याची एकच बाजू दिसते. ही जाईल तिकडे, पण तोंड आपलं मुलांकडेच."

माणूस हुशार होता. हुशार माणसाबरोबर काम करायला मजा येते आणि झोप कमी लागते.

पहिल्या दिवशी आमचं रंगावरून वाजलं. त्याने मुंबईहून करून आणलेल्या कच्च्या चित्रात चिंबोरी लालभडक होती.

"ही मेलेली आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"लाल चिंबोरी म्हणजे शिजलेली चिंबोरी. आमच्याकडची पोरं ही बघून भात मागतील."

तो खूप हसला. मग आम्ही दोघं सकाळभर रंगावर बोललो. पाठ काळपट, तिच्यावर जांभळी झाक, नांग्यांची टोकं फिकट. मी रंग कालवून बशा मांडल्या, त्याने प्रत्येक बशी उन्हात धरून पाहिली, मान हलवली, वाहवा केली. जेवणं झाल्यावर बडीशेप चघळत तो सहज म्हणाला, "चित्र अर्थात काळंपांढरंच असणार, दादा. रंगीत फिल्म आम्हाला झेपत नाही."

मी बशा उचलून मोरीत ओतल्या. काळंपांढरं होतं तर सकाळभर कशाला बोललास? तो म्हणाला की, रंग मनात असला तर करड्यातही उतरतो. मी तेव्हाच मनाशी म्हटलं, हा माणूस जे महत्त्वाचं ते जेवणानंतर सांगतो. याच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे.

बायकोला माझं हे पटलं नाही. "मुंबईचा मानूस घरी आला, चा पिऊन, जेवून, तुमची तारीफ करून गेला. आनि तुमी म्हनता चोर."

"चोर नाय म्हटलं. लक्ष ठेवायचं म्हटलं."

"देवळात गेलात तरी चपलांवर लक्ष ठेवता तुमी. देव कधी बघता काय?"

काम मात्र मी जीव ओतून केलं. चुन्याच्या पांढऱ्यापासून काजळीच्या काळ्यापर्यंत करड्या रंगाची वाटीमागून वाटी लावली. अडचण अशी की पाणी आणि भाताचं रोप दोन्ही करड्यात एकसारखीच दिसायला लागली. मग मी रोपं उभ्या फटकाऱ्यांनी मारली आणि पाणी आडवं, ओल्या फडक्याने पुसत पुसत. बिरवाडीच्या बाजाराला जाताना वाटेत थांबून मी शेतं पाहायचो, ती हिरवी म्हणून नाही, कुठे गडद कुठे फिकी म्हणून. महिन्या-दोन महिन्यांनी तो यायचा, माझे देखावे खिडकीला टेकवून लांब उभा राहायचा, आणि कधी कधी बराच वेळ बोलायचाच नाही. त्या न बोलण्याचा मला अभिमान वाटायचा, हेही सांगून टाकतो.

गोष्टीवरून एकदा मोठं भांडण झालं. त्याच्या गोष्टीत चिंबोरी बांधाला भोक पाडते, शेतकरी ते बुजवतो, ती पुन्हा पाडते. शेवटी पाणी इतकं चढतं की बांध फुटणार, तेवढ्यात जास्तीचं पाणी तिच्या भोकातून निघून जातं आणि शेत वाचतं. दोघांची मैत्री.

"अरे, भोकाने बांध वाचत नाही. भोकानेच फुटतो," मी ओरडलो. "पाणी भोक मोठं करत जातं. हे चित्र कापडे गावच्या शेतकऱ्यापुढे लाव, तो पडदा ओढून काढेल."

"दादा, मुलांसाठी आहे."

"मुलं काय आभाळातून पडतात? शेतकऱ्यांचीच ना?"

"मुलांना मैत्री कळेल. बांध नंतर कळेल."

मी दोन दिवस कामाला हात लावला नाही. मग लावला, कारण देखावे अर्धे होते आणि अर्धं काम माझ्याच डोळ्यांना सलत होतं. गोष्ट त्याची, चित्र माझं, असं मनाशी ठरवून टाकलं.

आता नावाचं. पडद्यावर सुरुवातीला नावांच्या पाट्या येतात, त्यात माझं नाव असेल असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. तोंडी. म्हणून मी सौदा मांडला. नाव किती वेळ दिसणार?

"वाचून होईल एवढा वेळ."

"कोणाचं वाचून?"

तो बुचकळ्यात पडला. मी बायकोला हाक मारली. ती अक्षराला अक्षर लावून वाचायची. तिच्यापुढे माझं नाव लिहिलेला कागद धरला. ती लाजली, मग बोट फिरवत वाचू लागली. "नवऱ्याचा नाव घ्यायला लावतात, तेही उखाण्याशिवाय," असं मध्येच म्हणाली आणि राहिलेलं अक्षर पूर्ण केलं.

"एवढा वेळ," मी त्याला म्हणालो. "हिचं वाचून होईपर्यंत नाव हलता कामा नये."

"दादा, तोवर मुलं झोपतील!"

बरीच घासाघीस झाली. शेवटी त्याने मान्य केलं. मग तो म्हणाला की नावाची वेगळी पाटी करू, फक्त तुमची, मोठ्या अक्षरात. ऐकायला गोड. पण मी विचार केला, वेगळी पाटी म्हणजे वेगळी काढून टाकायला सोपी. मी सांगितलं, नको. ज्या पाटीवर चित्राचं नाव, त्याच पाटीवर खाली माझं. मला काढायचं असेल तर चित्राचं नावही काढावं लागेल. तो चष्मा काढून पुसू लागला.

"तुम्ही कोणावर विश्वास ठेवता का हो?"

"ठेवतो. माल हातात आल्यावर."

ती पाटी मीच रंगवली. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं, वर चित्राचं नाव, खाली माझं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव कोपऱ्यात नव्हतं.

सगळ्या आकृत्या त्याने एसटीने मुंबईला नेल्या. डोळे सोडून. चिंबोरीचे डोळे वेगळे कापलेले होते, काड्यांवर बसणारे, मेणाच्या ठिपक्याने चिकटवायचे: उघडे, अर्धे मिटलेले, डावीकडे बघणारे, उजवीकडे बघणारे, घाबरलेले, लबाड. चिंबोरीला ना भुवया, ना ओठ. तिचं हसणं-रडणं सगळं त्या डोळ्यांत. ते मी गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीत भरले आणि डबी माझ्याकडे ठेवली.

"डोळे राहिले, दादा."

"डोळे शेवटी. आमच्या कारखान्याची रीत आहे. आधी माझ्यासमोर नावाचं चित्र घ्या, मग डोळे."

त्याचा चेहरा पहिल्यांदा उतरला. पण डोळ्यांवाचून त्याचं काहीच हलणार नव्हतं आणि हे त्याला माहीत होतं. मी डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून त्याच्या मागोमाग मुंबईला गेलो.

त्यांची जागा म्हणजे गिरगावातल्या एका चाळीतली तळमजल्याची खोली. खिडक्यांना काळं कापड. मधोमध टेबल, वर लाकडी घोडीला उलटा टांगलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंना झगझगीत दिवे. कॅमेरावाला बनियनवर होता. माझी पाटी टेबलावर ठेवली, वर काच दाबली, आणि कळ टिक-टिक करू लागली. मी मनातल्या मनात बायको वाचते तसं नाव वाचत होतो, तिच्यासारखंच अडखळत. शेवटचं अक्षर संपेपर्यंत कॅमेरा चालू होता. त्यानंतरही थोडा चालला.

"झालं समाधान?" चित्रवाल्याने विचारलं.

मी डबी काढून दिली. त्याने तिथेच चिंबोरीला उघडे डोळे लावले. पुठ्ठ्याचा तो तुकडा एकदम माझ्याकडे बघायला लागला. कॅमेरावाला म्हणाला, "अरे बापरे, ही तर जागी झाली." त्या खोलीत सगळे हसले. मीही हसलो असेन.

परतीच्या एसटीत, नागोठणं मागे पडल्यावर माझ्या डोक्यात आलं: कॅमेऱ्यात फिल्म होती का? टिक-टिक तर रिकामा कॅमेराही करेल. बाहेरून कसं कळणार? डबी देण्याआधी हे सुचायला हवं होतं.

चित्र तयार झाल्याचं कळलं. मग बरेच दिवस काही नाही. मग बातमी आली की फिरत्या सिनेमाची जीप आपल्या भागात येतेय आणि मुलांच्या चित्रांमध्ये आपली चिंबोरी आहे. आधी पोलादपूर, मग कापडे आणि आसपासची गावं, शेवटी महाड. मी आधीच्या गावांना गेलो नाही. माझं नाव माझ्या गावात, माझ्या माणसांसमोर पाहायचं असं ठरवलं होतं. बाजारात प्रत्येक पाटीखाली उभं राहून मी लोकांना आमंत्रण दिलं.

शाळेच्या पटांगणात पडदा लागला. अंधार पडताच जीपचं इंजिन घरघरू लागलं. बायको नवं लुगडं नेसून पुढे बसली होती. ती बोटाने हवेत अक्षरं गिरवत होती, सराव म्हणून. दोन चित्रं झाली, दुसऱ्यांची. मग पडद्यावर पांढरा झोत आला, काही रेघा पळाल्या, आणि एकदम माझं शेत. उभ्या फटकाऱ्यांचं भात, आडवं पाणी, बांधातून वर येणाऱ्या दोन काड्या आणि त्यांवर माझे डोळे.

नाव नव्हतं. माझं नाही, चित्राचंही नाही. कोणाचंच नाही.

पोरं किंचाळत होती. चिंबोरीने डावीकडे पाहिलं की सगळं पटांगण डावीकडे पाहत होतं. चित्र संपेपर्यंत मी कसा थांबलो माहीत नाही. मग जाऊन मशीनवाल्याची कॉलर धरली.

"सुरुवात कुठाय?"

"फाटली. हात काढा."

"कशी फाटली?"

"सुरुवातच फाटते नेहमी. रोज मशीनमध्ये घालायची ती तीच बाजू ना? दातांनी खाल्ली. कापली आनि टाकली."

"कुठे टाकली?"

"आता काय सांगू? पोलादपूरच्या पुढं कुठंतरी."

"नेमकी माझ्या नावाचीच?"

"तुमचा नाव होता काय तिच्यावर?"

"ते तू सांग! रोज तू दाखवतोस!"

"मी उजेड बघतो, पेंटर. पट्टी सरळ चाललीय का बघतो. नावं कोन वाचतो?"

लोकांनी आम्हाला सोडवलं. घरी आल्यावर बायको म्हणाली, "चित्र चांगला होता. डोळे लई चांगले." मी ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिली गाडी पकडून कापड्याला गेलो. तिथे चित्र आधी दाखवलं होतं. तेव्हा सुरुवात शाबूत असली तर कोणीतरी वाचलं असेलच. शाळेच्या मास्तरांना गाठलं.

"नावं? असावीत," ते म्हणाले. "वारा सुटला होता हो. पहिली काही मिनिटं आम्ही पडद्याचं टोक धरून उभे होतो, पडद्याच्या मागे. मागून सगळं उलटं दिसतं."

तेवढ्यात बांधावरून दोन शेतकरी आले. कशाची चौकशी चाललीय ते कळल्यावर एकजण कुदळ टेकवून उभा राहिला.

"चिंबोरीचा चित्र? ज्यात भोकानं बांध वाचतो?"

"तेच. त्यात सुरुवातीला कोणाचं नाव दिसलं का?"

"नाव दिसला असता तर शोधत आलो असतो त्याला! माझा पोरगा आता भोक बुजवू देत नाय. म्हनतो, बाबा, तिचा घर हाय."

दुसरा म्हणाला, "कोन शहाना हाय तो? तुमी ओळखता?"

मी म्हणालो, "शोधतोय."

गणपतीत चित्रवाला गावी आला. मी त्याला पोलादपूरच्या स्टँडवरच पकडला, हातात पेटी असतानाच. तो म्हणाला, नाव होतं. मुंबईत पहिल्यांदा चित्र दाखवलं तेव्हा सगळ्यांनी वाचलं. त्याने आईची शपथ घेतली. त्याची आई शेजारीच बोचक्यावर बसली होती. ती म्हणाली, "माजी शपथ कशाला घालतोस रे? मी बरी हाय ती बरी हाय."

"तुम्हीच म्हणालात चित्राच्या नावाबरोबर ठेव," तो म्हणाला. "मी वेगळी पाटी देत होतो. ती नंतर आली असती, कदाचित वाचली असती."

"म्हणजे चूक माझी?"

"चूक कोणाचीच नाही, दादा. फिल्म आहे ती. फाटते." मग त्याने पेटी खाली ठेवली. "मूळ प्रत मुंबईत आहे. धड, न फाटलेली. गणपती झाले की माझ्याबरोबर चला. पडद्यावर लावून दाखवतो. वहिनींना पण आणा, वाचू देत त्यांना सावकाश."

बायकोला हे कळलं तेव्हा तिने लुगडं बाहेर काढून ठेवलं. मी गेलो नाही. लोक म्हणतात हट्टी आहे, डोकं फिरलंय. पण मला सांगा, माझ्या हातची ती पाटी त्यांच्याच खोलीत होती. कॅमेरा त्यांचा, दिवे त्यांचे. मी येणार म्हटल्यावर तेवढा तुकडा आदल्या दिवशी काढून चित्राला जोडायला कितीसा वेळ लागतो? जोडतात कसं ते मी गिरगावात पाहिलेलं आहे. कात्री आणि डिंकासारखं काहीतरी, बस्स. मुंबईला जाऊन मी जे पाहिलं असतं त्याने मशीनवाल्याने काय कापलं ते सिद्ध झालं नसतं. ते सिद्ध करू शकत होता तो फक्त एक पट्टीचा तुकडा, आणि तो पोलादपूरच्या पुढे कुठल्यातरी गटारात होता. किंवा कधी नव्हताच.

"मग तुम्हाला पटेल असं मी करू तरी काय?" त्याने मला शेवटचं विचारलं होतं. मला उत्तर सुचलं नाही, आणि त्याच्यापेक्षा माझाच मला जास्त राग आला. पुढचं चित्र, पाणकावळ्याचं, त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं. मी ते पाहिलं नाही. त्यातले डोळे बरे नव्हते म्हणे.

महाडात मला चिंबोरीवाला पेंटर म्हणायला लागले ते तेव्हापासून. नवी पाटी सांगायला येणाराही तेच नाव घेऊन यायचा. बायको म्हणायची, "घ्या. सगळ्या गावाला ठावं हाय. आनि काय पायजे?" पण गावाला ठाऊक होतं, कारण मीच दुकानादुकानातून सांगत फिरलो होतो. पडद्यावर वाचून मला माझ्या नावाने हाक मारणारा एक माणूस मला भेटायचा आहे. अजून भेटला नाही.